आधी दांडी, मग खुराडं

नवशिका माणूस खुराडं बांधायला घेतो तेव्हा आधी छप्पर ठरवतो, मग दार, मग रंग. कोंबड्यांना बसायच्या दांड्या अगदी शेवटी, उरल्यासुरल्या लाकडातून. मीही तेच केलं होतं. उरलेल्या पट्ट्यांच्या तीन दांड्या शिडीसारख्या चढत्या लावल्या आणि लांबून बघून स्वतःवरच खूश झालो. संध्याकाळी सहाही कोंबड्यांना सगळ्यात वरचीच दांडी हवी होती आणि तिच्यावर जागा होती चौघींपुरती. अर्धा तास नुसती फडफड आणि टोचाटोची. शेवटी दोघी अंड्यांच्या पेटीत जाऊन झोपल्या आणि सकाळी पेटीतलं गवत विष्ठेनं माखलेलं.

तेव्हापासून मी उलटा क्रम धरतो. आधी दांडी ठरवायची, तिच्या मापावरून खुराडं आखायचं आणि खुराड्याच्या दाराला लागून जाळीचं आवार काढायचं. पुढची सगळी मापं सहा कोंबड्या धरून दिली आहेत. तुमच्याकडे जास्त असतील तर त्याच हिशेबानं वाढवा.

दांडीचं माप

पाळीव कोंबडी ही रानकोंबडीची वंशज आणि रानकोंबड्या रात्री झाडावर चढून झोपतात. जमिनीवर झोपणं म्हणजे कुणाच्या तरी तोंडी जाणं, हे तिच्या अंगात मुरलेलं आहे. म्हणून अंधारू लागलं की ती उंच जागा शोधतेच. तुम्ही दिली नाहीत तर ती स्वतः निवडते: पाण्याच्या भांड्याची कड, पेटीचं छप्पर, नाहीतर जवळच्या झाडाची फांदी.

एका कोंबडीला साधारण एक वीत, म्हणजे नऊ इंच लांबी धरा. अंगानं जड जात असेल तर एक फूट. युरोपीय संघानं १९९९ साली अंडी देणाऱ्या कोंबड्यांसाठी जे किमान नियम केले, त्यात प्रत्येक कोंबडीमागे १५ सेंमी दांडी, दोन दांड्यांमध्ये ३० सेंमी आणि भिंतीपासून २० सेंमी अंतर सांगितलं आहे. ते व्यापारी पालनाचं किमान माप झालं. घरी सहा कोंबड्या पाळताना इतकी काटकसर करायचं कारण नाही. वीतभराच्या हिशेबानं सहा जणींना साडेचार फूट होतात, आपण पाच धरू. थंडीत त्या एकमेकींना चिकटून बसतील आणि अर्धी दांडी रिकामी राहील. म्हणून ती कापू नका, उन्हाळ्यात त्यांना अंतर ठेवून, पंख जरा उचलून बसायचं असतं.

जाडी दीड ते दोन इंच. कोंबडीची बोटं दांडीवर आरामात टेकली पाहिजेत, पण तिला मूठ घट्ट आवळून तोल सावरावा लागू नये. चौकोनी लाकूड असेल तर वरच्या दोन्ही कडा रंधा किंवा पॉलिशपेपर मारून गोल करा, कारण धारदार कडेवर रात्रभर बसून तळव्याला घट्टे पडतात. त्यात जंतू शिरले की पंजा सुजतो, मध्ये काळा खपला धरतो आणि कोंबडी लंगडू लागते. जिथे पाणी गोठण्याइतकी थंडी पडते तिथे तीन-चार इंच रुंद पट्टी आडवी घालतात, म्हणजे तळवा सपाट टेकतो आणि पोटाच्या पिसांखाली बोटं झाकली जातात.

झाडाची सरळ फांदी उत्तमच, फक्त साल काढून घ्या. सालीखाली कीड लपते. बांबूही चालतो, पण त्याची पोकळ टोकं लाकडाचा तुकडा ठोकून बंद करा. लोखंडी आणि प्लॅस्टिकचे पाइप मी टाळतो. ते गुळगुळीत असतात, कोंबडीची पकड सुटते आणि लोखंड हवेप्रमाणे तापतं नाहीतर गार पडतं. जुनं रंगवलेलं लाकूड नको, जुन्या रंगात शिसं असू शकतं आणि कोंबडी चोचीनं सगळं तपासून बघते.

दांडी ठोकून बसवू नका. भिंतीवर इंग्रजी यू अक्षराच्या आकाराची खोबण असलेले दोन ठोकळे लावा आणि दांडी त्यात नुसती ठेवा. ती उचलून बाहेर काढता आली पाहिजे. हे आत्ता किरकोळ वाटेल, कारण लेखाच्या शेवटी येईल. पाच फुटांपेक्षा लांब दांडी असेल तर मध्ये एक टेकू द्या, नाहीतर ती झोके घेते आणि हलणारी दांडी कोंबड्यांना मुळीच आवडत नाही.

सगळ्या दांड्या एकाच उंचीवर

माझ्या शिडीचा घोटाळा इथे होता. कोंबड्यांमध्ये कोण कुणाला टोचू शकतं याची पक्की उतरंड असते. थोरलीफ शेल्डेरुप-एब्बे या नॉर्वेच्या संशोधकानं १९२० च्या दशकाच्या सुरुवातीला तिचं शास्त्रीय वर्णन केलं, पण कोंबड्या पाळणाऱ्या कुणालाही ती आठवडाभरात डोळ्यांनी दिसते. उंच जागा म्हणजे मानाची जागा. एक दांडी उंच आणि बाकीच्या खाली ठेवल्यात तर रोज संध्याकाळी मानापमानाचं नाटक होणार. त्यात वरच्यांची विष्ठा खालच्यांच्या अंगावर, ते वेगळंच.

पाच फुटांची एक दांडी बसत नसेल तर अडीच-तीन फुटांच्या दोन दांड्या समान उंचीवर समांतर लावा. दोन्हींत फूटभर अंतर, भिंतीपासूनही फूटभर. भिंतीला खेटून लावली तर शेपट्या घासतात आणि भिंत घाण होते.

उंचीबद्दल लोक चढाओढीनं सांगतात. जड कोंबड्यांना दीड ते दोन फूट पुरे. हलक्या, चपळ कोंबड्या तीन-चार फुटांवरही मजेत चढतात. पण चढण्यापेक्षा उतरण्याचा विचार करा. चढताना कोंबडी टप्प्याटप्प्यानं चढते, सकाळी मात्र घाईनं उडी टाकते, आणि वाईट पडण्यानं छातीचं हाड दुखावतं, पाय मुरगळतात. ४५ अंशांपेक्षा जास्त तिरकी उतरण त्यांना जड जाते. म्हणजे दांडी दोन फुटांवर असेल तर तिच्यासमोर निदान दोन फूट, शक्यतो तीन फूट मोकळी जमीन हवी. जागा नसेल तर आडव्या पट्ट्या ठोकलेली एक फळी तिरकी टेकवा.

आता खुराड्याचं माप आपोआप निघतं. दांडीसाठी पाच फूट रुंदी, मागे एक फूट आणि पुढे तीन फूट अशी चार फूट खोली. वीस चौरस फूट झाले, म्हणजे प्रत्येकीला तीन-साडेतीन चौरस फूट. दिवसा आवार मोकळं असेल तर एवढं बास.

खुराड्याच्या आत

अंडी घालायच्या पेट्या फूटभर लांब, रुंद, उंच. सहा कोंबड्यांना दोन पुरतात. तुम्ही सहा लावल्या तरी त्या एकाच पेटीसमोर रांग लावतील. पेटीचा तळ दांडीपेक्षा खाली असलाच पाहिजे. पेटी उंच असेल तर तीच झोपायची जागा होते आणि मग अंडी रोज धुवायची वेळ येते. खुडूक, म्हणजे अंडी उबवायला बसलेली कोंबडी रात्रीही पेटीतच राहते, तिला यातून वगळा.

झरोके दांडीवर बसलेल्या कोंबडीच्या डोक्याच्या वर, छपराखाली, समोरासमोरच्या भिंतींत ठेवा. दमट, उबदार हवा वर चढून निघून गेली पाहिजे, पण वारा थेट अंगावर येता कामा नये. कडाक्याच्या थंडीत नवे लोक झरोके बोळे कोंबून बंद करतात. कोरडी थंडी कोंबडी पिसं फुलवून सोसते, दमट हवेत मात्र तुऱ्याची टोकं थंडीनं काळी पडतात आणि श्वासाचे आजार जडतात. पारख सोपी आहे. सकाळी दार उघडल्या उघडल्या नाक खुपसा. डोळ्यांना झोंबणारा वास आला तर तो अमोनिया आहे आणि झरोके कमी पडताहेत.

दांडीखाली सात-आठ इंचांवर एक फळी आडवी टाका. कोंबड्यांची बरीचशी विष्ठा रात्री बसल्या जागीच पडते. ती फळीवर पडली तर रोज सकाळी दोन मिनिटांत खरवडून होते आणि खालचा भुसा कितीतरी जास्त दिवस टिकतो. फळीवर वाळू किंवा लाकडाचा भुसा पसरा. राख नको. राख आम्लाच्या उलट गुणाची असते, तिच्यामुळे विष्ठेतला अमोनिया आणखी सुटतो. खरवडलेली विष्ठा थेट रोपांना घालू नका, नत्र इतकं जास्त असतं की मुळं जळतात. पालापाचोळ्यात मिसळून कुजू द्या.

जाळीचं आवार

जागा निवडताना पाणी कुठे साचतं ते आधी बघा. ऊन-सावलीची सोय नंतर करता येते, उताराची करता येत नाही. ओल्या चिखलात कॉक्सीचे परजीवी फोफावतात, पिल्लांना रक्ती हगवण लागते, मोठ्यांचे पाय खराब होतात. थोडी उंच, थोडी उताराची जागा, दुपारी झाडाची सावली येईल अशी. कोंबडीला घाम येत नाही. ती चोच उघडून धापा टाकते आणि पंख अंगापासून दूर धरते, एवढाच तिच्याकडे उपाय. उन्हात उघडं पडलेलं आवार तिच्या दृष्टीनं तवाच.

प्रत्येकीला किमान दहा चौरस फूट. सहा जणींना साठ. माझं ऐकाल तर शंभर करा, म्हणजे दहा बाय दहा. जागा कमी पडली की कोंबड्यांना उद्योग उरत नाही आणि त्या एकमेकींची पिसं उपटू लागतात. उंची सहा-साडेसहा फूट ठेवा. ती कोंबड्यांसाठी नाही, तुमच्यासाठी आहे. वाकून साफ करायचं आवार महिनाभरानंतर कुणी साफ करत नाही.

खांब सहा ते आठ फुटांवर, दीड-दोन फूट जमिनीत. कोपऱ्यातल्या खांबांना तिरका आधार द्या, कारण जाळी ताणली की तेच आत झुकतात.

जाळीवर मात्र पैसे वाचवू नका. षटकोनी भोकांची पातळ जाळी कोंबडीला आत ठेवते, पण बाहेरच्याला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती दातांनी फाडतो, मुंगूस भोकातून अंग सोडवून घेतं आणि साप तर तिला मोजतच नाही. खालच्या तीन फुटांना तरी अर्ध्या इंची चौकोनी भोकांची, तारा सांध्यावर जोडलेली जाळी लावा. त्याच्यावर मोठ्या भोकांची चालेल, पण तीही मजबूत हवी. मोठ्या भोकांतून मांजर पंजा घालतं आणि जाळीला टेकून झोपलेल्या कोंबडीला ओढायला बघतं.

जाळी नुसत्या खिळ्यांवर सोडू नका, ते ओढले की निघतात. जाळीवर लाकडी पट्टी ठेवून पट्टीतून स्क्रू मारा, किंवा स्क्रूला रुंद वॉशर घाला.

उकरून आत येणाऱ्यांसाठी दोन उपाय आहेत. जाळी फूटभर खोल गाडायची, नाहीतर कुंपणाच्या पायथ्यापासून बाहेरच्या बाजूला दीड फूट रुंद जाळी जमिनीवर आडवी अंथरायची, कुंपणाला तारेनं बांधायची आणि वर माती किंवा दगड टाकायचे. मला दुसरा आवडतो. जनावर नेमकं कुंपणाच्या पायाशी उकरायला सुरुवात करतं, तिथे जाळी लागते, आणि चार पावलं मागे जाऊन तिथून भुयार काढावं हे त्याला सुचत नाही. शिवाय चर खणायचे कष्ट वाचतात. काही महिन्यांत गवत वाढून जाळी दिसेनाशी होते.

वरून घार येते, म्हणून माथाही झाका. अर्ध्या भागावर जाळी, अर्ध्यावर पक्कं छप्पर असं करा. छपराखाली खाद्य-पाणी ठेवता येतं, पावसात कोरडी जागा राहते आणि रानपक्ष्यांची विष्ठा खाद्यात पडत नाही. पक्ष्यांचे साथीचे आजार, बर्ड फ्लूसुद्धा, त्या वाटेनं येऊ शकतात.

माणसाचं दार आत उघडणारं ठेवा. हातात पाण्याची बादली घेऊन बाहेर उघडणारं दार ओढलंत की पायांतून दोन कोंबड्या पसार झाल्याच म्हणून समजा. खुराडं आणि आवार यांच्यामधलं कोंबड्यांचं दार फूटभर रुंद, सव्वा फूट उंच. दोन्ही दारांना कडी आणि कडीत अडकवायची पिन, दोन्ही हवं. नुसती वर उचलायची कडी हुशार जनावर नाकानं उचलतं.

काम संपलं की एक गोष्ट विसरू नका, आणि हे मला कुणी सांगितलं नव्हतं. जाळी कापताना तारेचे बारीक चमकदार तुकडे उडतात. कोंबडी चमकणारं काहीही टिपते. तो तुकडा पोटात आतडं टोचतो, आणि तारेवरचा जस्ताचा मुलामा विरघळून विषबाधाही होऊ शकते. दोरीला एक जाड लोहचुंबक बांधा आणि सगळं आवार दोन वेळा पालथं घाला. मला मूठभर तुकडे सापडले होते, आणि मी तोवर स्वतःला काळजीपूर्वक काम करणारा समजत होतो.

आवारात काय ठेवायचं

गवत असेल तर त्याला निरोप द्या. सहा कोंबड्या शंभर चौरस फुटांतलं गवत काही आठवड्यांत मातीसकट उलथून टाकतात. त्यापेक्षा पहिल्यापासून लाकडाच्या ढलप्या आणि वाळका पाला तीन-चार इंच पसरा. पाऊस खाली झिरपतो, वर कोरडं राहतं आणि पाल्याखालचे किडे शोधण्यात त्यांचा दिवस जातो. बुरशी आलेलं गवत अजिबात नको, बुरशीचे कण त्यांच्या फुफ्फुसांत जातात.

छपराखाली मातीत लोळायची जागा करा. दोन फूट बाय दोन फूट, फूटभर खोल खड्डा किंवा पेटी, त्यात कोरडी माती, वाळू आणि थोडी चाळलेली लाकडाची राख. (इथे ती कोरडी आणि थोडी आहे, फळीवरच्यासारखी ओल्या विष्ठेत मिसळत नाही, म्हणून चालते.) पहिल्यांदा लोळताना बघाल तर कोंबडी मेली की काय असं वाटेल. एक पंख पसरलेला, डोळे अर्धे मिटलेले, पाय ताणलेले. घाबरू नका, तिची आंघोळ चाललीय. धूळ पिसांत शिरून उवा कमी करते.

आवारातही एक-दोन दांड्या लावा, फूट-दीड फूट उंच. दुबळ्या कोंबडीला दादागिरी करणारीपासून सुटायला त्यांचा उपयोग होतो. फक्त त्या खाद्य-पाण्याच्या वर नकोत आणि कुंपणापासून दोन हात आत असाव्यात.

एका कोंबडीला रोज साधारण १०० ते १२० ग्रॅम खाद्य आणि पाव लिटर पाणी लागतं, कडक उन्हाळ्यात पाणी दुप्पट. भांड्याची कड कोंबडीच्या पाठीच्या उंचीला ठेवली तर त्या खाद्य उकरून सांडत नाहीत. रात्री खाद्याचं भांडं उचलून डब्यात. उंदीर खाद्यासाठी येतात आणि उंदरांच्या मागे साप.

पहिला आठवडा

नव्या कोंबड्या आणल्या की पहिले दोन-तीन दिवस त्यांना खाद्य-पाण्यासह खुराड्यातच ठेवा. झोपायचं घर हेच, हे त्यांना कळू द्या. मग आवाराचं दार उघडा. नुसती ढकलाढकली करून बाहेर काढू नका, धीट असेल ती आधी डोकावेल आणि बाकीच्या मागून येतील.

पिल्लं तीन-चार आठवड्यांची झाली की स्वतःहून चढायला बघतात. त्यांना चार-सहा इंचांवर एक बारीक दांडी द्या, खेळता खेळता शिकतात. पिंजऱ्यात वाढलेल्या तलंगांना, म्हणजे अजून अंड्यावर न आलेल्या तरुण कोंबड्यांना मात्र दांडी म्हणजे काय हेच ठाऊक नसतं. त्या कोपऱ्यात एकीवर एक चढून जमिनीवर झोपतात. अंधार पडल्यावर एकेकीला दोन्ही हातांनी उचला, पंख अंगाशी धरून, आणि पावलं दांडीला लागतील अशी हळूच ठेवा. बोटं मिटली की हात सोडा. अंधारात त्यांना फारसं दिसत नाही, त्यामुळे त्या खाली उडी मारत नाहीत. चार-पाच संध्याकाळी हे केलं की बहुतेक जणी शिकतात. एखादी महिनाभर तुमची वाट बघत खाली उभी राहील, तिला उचलावं लागेल.

या दिवसांत एकदा तरी तिन्हीसांजेला शांतपणे आवारात बसा आणि सगळ्या चढेपर्यंत नुसतं बघा. शेवटची कोण चढते, कुणाला जागा मिळत नाही, कोण चढायचा प्रयत्न करून परत खाली येते. जी रोज शेवटी राहते तिच्यासाठी दांडी कमी पडतेय. जी चढताना अडखळते तिचा तळवा उलटून बघा. सगळ्याच जणी दारात घुटमळत असतील आणि आत जायला तयार नसतील, तर आत काहीतरी त्यांना चावतंय.

ते काहीतरी बहुधा लाल माइट असतं. टाचणीच्या टोकाएवढी ही कीड दिवसा दांडीच्या टोकांखाली, फटींमध्ये लपते आणि रात्री बाहेर येऊन झोपलेल्या कोंबड्यांचं रक्त पिते. म्हणून दिवसा कोंबडी तपासून काहीच सापडत नाही. उबदार हवेत आठ-दहा दिवसांत तिची नवी पिढी तयार होते, आणि रिकाम्या खुराड्यातही ती महिनोन्महिने तग धरते. दर पंधरा दिवसांनी अंधार पडल्यावर तासाभरानं एक पांढरा कागद घेऊन जा आणि दांडीच्या टोकाच्या खालच्या बाजूनं दाबून ओढा. कागद कोरा निघाला तर झोपायला जा. लालसर रेघ उमटली तर सकाळी दांडी खोबणीतून उचलून बाहेर काढा, तिच्यावर आणि खोबणीच्या फटींवर उकळतं पाणी ओता, कडक उन्हात वाळवा आणि आठवड्यानं पुन्हा तेच करा, कारण पहिल्या खेपेला किडीची अंडी वाचलेली असतात.